वेगवान होडीच्या इंजिनाचा श्वास

पाण्यावरून भरधांव जाणारी होडी काठावरून पाहणाऱ्यास मोठी मनोहर दिसते. नाक उचललेलें, मागें पांढऱ्या तुषारांचा पिसारा फुललेला आणि इंजिनाचा घोष दोन्ही तीरांवर घुमत असलेला, असें तें दृश्य असतें. त्या घोषाच्या मुळाशीं असलेल्या एका साध्या गोष्टीकडे मात्र पाहणाऱ्याचें लक्ष सहसा जात नाहीं. ती गोष्ट म्हणजे इंजिनाचा श्वास. प्राणी असो वा यंत्र असो, श्वास कोंडला कीं बळ सरलें. पेट्रोलच्या इंजिनाला हा श्वास ज्या नळ्यांच्या जुडग्यांतून मिळतो, त्याला इनटेक मॅनिफोल्ड असें नांव आहे. वेगवान होडीच्या इंजिनासाठीं तें कसें निवडावें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

विषय मुख्यतः अमेरिकेंतला आहे. तेथें सरोवरांवर आणि नद्यांवर स्वतःची होडी हौसेनें चालविणारे लोक लाखांनीं मोजावे लागतील. कोंकणच्या किनाऱ्यावरील मच्छीमारांच्या मोठ्या यांत्रिक होड्या बहुतेक डिझेल तेलावर चालतात. डिझेल इंजिनांत कारब्युरेटर नसतो, त्यामुळें ही अडचण त्यांना या स्वरूपांत पडत नाहीं. तथापि यंत्र आणि त्याचें काम यांची सांगड कशी घालावी, हा प्रश्न सर्वत्र सारखाच आहे. आणि त्या दृष्टीनें हा विषय होडी नसलेल्या श्रोत्यासही उपयोगीं पडावा.

होड्यांच्या वेगाचा इतिहास हा बऱ्याच अंशीं इंजिनाच्या श्वासाचाच इतिहास आहे. यांत्रिक होड्यांची हार्म्सवर्थ चषकाची आंतरराष्ट्रीय शर्यत १९०३ सालीं सुरू झाली. त्या वेळीं ताशीं वीस मैलांचा वेगही कौतुकाचा विषय होता. पुढें १९३१ सालीं गार वुड या अमेरिकन शर्यतपटूनें पाण्यावर ताशीं १०० मैलांची मर्यादा ओलांडली, आणि १९३२ सालीं त्याची ‘मिस अमेरिका दहावी’ ही होडी ताशीं १२४ मैलांच्याही पुढें गेली. त्या होडींत पॅकार्ड कंपनीचीं बारा-बारा सिलिंडरांचीं चार इंजिनें होतीं, आणि त्यांच्यांत हवा नुसती शोषली जात नसून यंत्रानें दाबून भरली जात असे. प्रत्येकास असा खटाटोप परवडण्यासारखा नव्हता. १९३८ सालीं लॉस एंजेलिसकडील व्हिक एडेलब्रॉक नांवाच्या कारागिरानें फोर्ड कंपनीच्या आठ सिलिंडरांच्या इंजिनासाठीं ‘स्लिंगशॉट’ नांवाचें निराळें मॅनिफोल्ड तयार केलें. मूळ इंजिन तेंच ठेवून केवळ श्वासाची वाट सुधारली तरी बळ वाढतें, ही गोष्ट अशा प्रयत्नांतून सामान्य हौशी माणसाच्या पदरांत पडली. मॅनिफोल्ड विकत घेऊन बसविण्याचा मोठा धंदाही यांतूनच पुढें वाढला.

आतां मॅनिफोल्डचें काम काय तें पाहावें. इंजिनाचा दट्ट्या सिलिंडरांत खालीं सरतो तेव्हां आंत पोकळी होते, झडप उघडी असते आणि बाहेरची हवा आंत धांवते. वाटेंत कारब्युरेटर त्या हवेंत पेट्रोलचे सूक्ष्म तुषार मिसळतो. हें मिश्रण सर्व सिलिंडरांना सारखें वांटणें हें मॅनिफोल्डचें काम. पंगतींत वाढपी चांगला नसला म्हणजे पहिल्या पानावर तुपाची धार आणि शेवटच्या पानावर कोरडा भात, असा प्रकार होतो. इंजिनांतही तेंच होतें. एका सिलिंडरास पेट्रोल जास्त मिळालें तर तो काजळतो. दुसऱ्यास कमी मिळालें तर तो तापतो, आणि जास्तच तापला तर दट्ट्याचें डोकें वितळण्यापर्यंत पाळी येते.

विचार सुलभ व्हावा म्हणून एकच इंजिन उदाहरणादाखल घेणें बरें. शेव्हरोले कंपनीनें १९५५ सालीं लहान बांध्याचें एक आठ सिलिंडरांचें इंजिन बाजारांत आणलें. त्याचे चार सिलिंडर एका बाजूस आणि चार दुसऱ्या बाजूस असे तिरपे बसविलेले असून मॅनिफोल्ड त्यांच्यामधल्या घळींत बसतें. याच घराण्यांतलें ३५० घन इंचांचें, म्हणजे सुमारें ५.७ लिटर मापाचें इंजिन १९६७ सालीं निघालें. मोटारींत तें गाजलें आणि खारें-गोडें पाणी सहन करील असा साज चढवून होड्यांतही तें फार मोठ्या प्रमाणावर बसविलें गेलें.

या इंजिनासाठीं मुख्यतः दोन जातींचीं मॅनिफोल्डें मिळतात. पहिलें दुमजली. यांत नळ्यांचे एकावर एक असे दोन मजले असतात. कारब्युरेटरचा अर्धा भाग एका मजल्यास आणि अर्धा दुसऱ्या मजल्यास मिश्रण पुरवितो. या इंजिनांत सिलिंडर १, ८, ४, ३, ६, ५, ७, २ या क्रमानें पेटतात. त्यांतले एक सोडून एक घेतले म्हणजे १, ४, ६, ७ हे एका मजल्याचे भाऊ आणि ८, ३, ५, २ हे दुसऱ्या मजल्याचे. मुख्य दांडा पाव फेरा फिरला कीं कोणता तरी एक सिलिंडर श्वास घेऊं लागतो; पण एका मजल्यापुरतें पाहिलें तर दोन श्वासांच्या आरंभांत अर्ध्या फेऱ्याचें अंतर पडतें. त्यामुळें एक सिलिंडर दुसऱ्याच्या तोंडचा घांस ओढून घेत नाहीं. शिवाय या नळ्या लांब आणि बेताच्या रुंदीच्या असतात.

दुसरी जात एकमजली. यांत कारब्युरेटरच्या खालीं एकच मोकळी खोली असते आणि तींतून आठही सिलिंडरांकडे आंखूड, सरळ आणि रुंद नळ्या जातात. वाट सरळ असल्यामुळें हवेला अडथळा कमी होतो आणि फेरे अतिशय वाढले असतां इंजिनाचा दम लौकर कोंडत नाहीं. सामान्यतः दुमजली मॅनिफोल्ड मिनिटास अगदीं कमी फेऱ्यांपासून सुमारें ५५०० फेऱ्यांपर्यंत उत्तम काम देतें. त्यांतल्याच उंच बांध्याच्या जातीचें काम १५०० पासून ६५०० पर्यंत चालतें. एकमजल्याचा खरा अंमल ३५०० फेऱ्यांच्या पुढें सुरू होतो आणि ७००० च्याही पुढें जातो.

रुंद नळी केव्हांही बरी, असें सकृद्दर्शनीं वाटतें. मग आरंभींच्या फेऱ्यांत ती मागें कां पडते? याचें उत्तर शेतकऱ्याला विचारावें. पाटाचें पाणी अरुंद चरांतून नेलें तर तें खळखळत जातें आणि गाळ सोबत वाहून नेतें. तेंच पाणी रुंद चरांत सोडलें तर तें मंदावतें व गाळ वाटेंतच बसतो. मॅनिफोल्डांत गाळाच्या जागीं पेट्रोलचे थेंब असतात. हवा मंदावली कीं ते नळीच्या भिंतीस चिकटतात, थारोळ्यांत सांचतात आणि मग अवेळीं एकदम सिलिंडरांत उतरतात.

थोडें गणित केलें म्हणजे हें स्पष्ट होईल. ३५० घन इंचांस आठांनीं भागिलें असतां प्रत्येक सिलिंडरच्या वांट्यास ४३.७५ घन इंच येतात. मिनिटास ३००० फेरे म्हणजे सेकंदास ५० फेरे. दट्ट्या खालीं येण्यास अर्धा फेरा, म्हणजे सेकंदाचा शंभरावा भाग लागतो. नळीचें तोंड २ चौरस इंच धरलें आणि सिलिंडर पूर्ण भरतो असें मानलें, तर तेवढ्या वेळांत हवेचा सुमारें २२ इंच लांबीचा स्तंभ नळींतून सरकला पाहिजे. म्हणजे तिचा सरासरी वेग सेकंदास सुमारें १८२ फूट झाला. हा वेग ताशीं १२४ मैल होतो. गार वुडच्या होडीचा वेग जवळजवळ एवढाच होता! नळीचें तोंड ३ चौरस इंच केलें तर हाच वेग सेकंदास सुमारें १२१ फुटांवर उतरतो.

या वेगाचा दुसराही एक लाभ आहे. दट्ट्या तळास पोंचून वर चढूं लागला तरी श्वासाची झडप लगेच मिटत नाहीं. ती मुद्दाम थोडी उशिरां मिटावी अशी योजना असते. वेगानें येणारी हवा स्वतःच्या जोरानें तेवढ्या अवधींत आणखी कांहीं आंत घुसते. वेग मंद असेल तर उलट वर चढणारा दट्ट्या तिला आल्या वाटेनें परत लोटतो. म्हणून नळी मोठी असावी कीं लहान, हा प्रश्न अपुरा आहे. इंजिन आयुष्याचा बहुतेक काळ किती फेऱ्यांवर काढणार आहे, हा त्याचा राहिलेला भाग होय.

येथेंच मोटार आणि होडी यांची वाट निराळी होते. मोटारीस दांत्यांच्या अनेक जोड्या असतात. चढ आला कीं खालची जोडी घालावी आणि इंजिनास मोकळेपणीं फिरूं द्यावें. अशा होडीस मात्र पुढें जाण्यासाठीं बहुधा एकच जोडी असते. ती स्थिर पाण्यांत असतां पोटावर बसलेली असते. तिला वेग घ्यावयाचा तर स्वतःच्याच लाटेवर चढून पाण्याच्या पाठीवर यावें लागतें. हा चढ जिंकतांना इंजिन साधारण अडीच ते साडेतीन हजार फेऱ्यांवर असतें आणि तेथेंच त्याच्याकडून जबर ओढ मागितली जाते. शिवाय मोटारीस उतार मिळतो, होडीस तो कधींच मिळत नाहीं. होडी चालविणें म्हणजे भरलेली गाडी अखंड चढावर नेणें, असेंच कारागीर समजतात.

हें न ओळखल्यानें काय होतें तें पाहण्यासाठीं एक गृहस्थ कल्पनेनें डोळ्यांसमोर आणावा. अमेरिकेंत कॅलिफोर्निया व ॲरिझोना या राज्यांच्या सीमेवर कोलोरॅडो नदीला १९३८ सालीं पुरें झालेलें पार्कर धरण आहे. त्याच्या मागें लेक हवासू हें सरोवर पसरलें आहे. होडीच्या हौशी लोकांचें तें माहेरघर होय. उन्हाळा तेथें अतिशय कडक असतो. काठावरच्या गांवीं २९ जून १९९४ रोजीं १२८ अंश फॅरनहाइट उष्णतेची नोंद झाली. या काठीं राहणाऱ्या त्या गृहस्थाजवळ वीस फुटांची एक होडी आणि तींत वर सांगितलेलें ५.७ लिटरचें इंजिन आहे. घरांत पत्नी आणि दोन मुलें. थोरल्या मुलास होडीच्या मागें दोरी धरून पाण्यावर घसरण्याचा छंद. अशा माणसानें शर्यतीच्या मोटारींत एकमजली मॅनिफोल्ड पाहिलें, किंमतपत्रकांत वाढीव अश्वशक्तीचा आंकडा वाचला आणि सांठविलेल्या पैशांतून तें आणून बसविलें, असें समजावें.

धक्क्यावर इंजिनाचा घोष पूर्वीपेक्षां जोरकस होतो. गृहस्थ आनंदतो. चौघे होडींत बसतात आणि झडप पुरी उघडली जाते. पण होडीचें नाक आकाशाकडे जातें आणि तेथेंच राहतें. पूर्वी जी होडी पांच-सहा अंक मोजीपर्यंत पाण्याच्या पाठीवर येत असे, ती आतां त्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ घेते. मागें दोरी धरलेला मुलगा वर येण्यापूर्वींच पाण्यांत बुडतो. आणि कमाल वेग? त्यांतही भर पडत नाहीं. कारण हें इंजिन होडींत पुरी झडप उघडली असतां मिनिटास ४४०० ते ४८०० फेरे घेईल अशा बेतानें पंखा बसविलेला असतो. किंमतपत्रकांतली वाढीव शक्ति सहा-साडेसहा हजार फेऱ्यांवरची असते. त्या मुलखांत होडी कधीं शिरतच नाहीं.

मग गृहस्थ दुसरी चूक करतो. तो पंखा बदलतो. त्याच्या मूळ पंख्याची आटी २१ इंच होती. म्हणजे घसरण मुळींच न धरल्यास पंख्याच्या एका फेऱ्यांत होडी २१ इंच पुढें जावयाची. इंजिनाच्या दीड फेऱ्यास पंख्याचा एक फेरा धरला तर ४६०० फेऱ्यांवर हिशेबी वेग ताशीं ६१ मैल येतो. प्रत्यक्षांत घसरणीमुळें तो कमीच भरतो. आतां तोच वेग ६५०० फेऱ्यांवर यावा असें म्हटलें, तर आटी १५ इंचांच्या आंत आणावी लागते. म्हणजे वेग जागच्या जागीं राहिला आणि इंजिन मात्र दर मिनिटास १९०० फेरे अधिक फिरूं लागलें! हे फेरे सोसण्यासाठीं आंतले दांडे, झडपांच्या कमानी आणि वंगणाची व्यवस्था हीं मूळचीं घडविलेलीं नव्हतीं. पेट्रोल अधिक जळतें, आवाज वाढतो आणि एखाद्या दुपारीं सरोवराच्या मध्यावर, भर उन्हांत, दोन मुलें होडींत असतां इंजिन निकामी होतें. एक चूक झांकण्यास दुसरी आणि दुसरी झांकण्यास तिसरी, अशी ही परंपरा आहे.

यास्तव अनुभवी कारागीर मॅनिफोल्ड दाखविण्यापूर्वीं प्रश्न विचारतो. पहिला प्रश्न फेऱ्यांचा आणि ओझ्याचा. त्याचें विवरण वर झालेंच. त्यास जोडून तो कारब्युरेटरचें मापही काढतो. चार टप्प्यांचें इंजिन दर दोन फेऱ्यांस आपल्या मापाएवढी हवा घेतें. या हिशेबानें ३५० घन इंचांच्या इंजिनास ४६०० फेऱ्यांवर मिनिटास सुमारें ४६६ घनफूट हवा लागेल. आणि सिलिंडर प्रत्यक्षांत शंभरांत पंचाऐशीं भरतात असें धरलें तर चारशें घनफुटांच्या आंतच भागेल. अशा इंजिनास मिनिटास ६०० घनफुटांचा कारब्युरेटर पुरून उरतो. त्यावर ८०० घनफुटांचा बसविल्यानें इंजिन अधिक हवा घेत नाहीं. अंथरूण वाढविल्यानें माणसाची उंची वाढत नाहीं, तसेंच हें आहे.

दुसरा प्रश्न पाण्याचा. या इंजिनाचें थंडाईचें पाणी दोन्ही बाजूंच्या डोक्यांतून निघून मॅनिफोल्डच्या पुढील भागांतूनच बाहेर पडतें. म्हणजे श्वासाच्या वाटेच्या शेजारून पाण्याची वाट जाते. कांहीं होड्यांत सरोवराचें वा समुद्राचें पाणी सरळ इंजिनांत खेळवितात. कांहींत इंजिनाचें गोडें पाणी निराळें कोंडलेलें असतें आणि बाहेरचें पाणी फक्त त्याला थंड करतें. पहिल्या प्रकारांत मोटारीसाठीं ओतलेलें साधें ॲल्युमिनियमचें मॅनिफोल्ड खाऱ्या पाण्यास तोंड देऊं शकत नाहीं. पाण्याच्या तोंडाभोंवतालची धातु खाल्ली जाते, गॅस्केटखालीं खांचा पडतात आणि पाणी हळूहळू खालच्या घळींत झिरपून वंगणांत मिसळतें. वंगण दुधाळ चहासारखें दिसूं लागलें म्हणजे रोग फार पुढें गेला असें समजावें. कारण तोंपर्यंत पोलादी भागांवर गंज चढलेला असतो. अशा होडीस बिडाचें मॅनिफोल्ड जड असलें तरी सुरक्षित. किंवा ॲल्युमिनियमच घ्यावयाचें तर पाण्याच्या वाटांस पितळेचें अस्तर दिलेलें, खास होडीसाठीं केलेलें घ्यावें. गोडें पाणी कोंडलेलें असेल आणि तें नेमानें बदललें जात असेल, तर हलकें ॲल्युमिनियम घेण्यास हरकत नाहीं.

तिसरा प्रश्न आगीचा, आणि तो सर्वांत गंभीर आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षां जड असते. मोटारींतून ती निसटली तर खालून वाऱ्यावर उडून जाते. होडींत मात्र ती तळाच्या पोकळींत उतरते आणि तेथेंच दबा धरून बसते. इंजिनानें कधीं उलटा भडका घेतला, म्हणजे झडप उघडी असतां मिश्रण पेटून ज्वाला मॅनिफोल्डांतून कारब्युरेटरच्या तोंडावाटे बाहेर आली, तर मोटारींत तिनें फार तर भिववावें. होडींत तिनें सर्वनाश करावा. म्हणूनच अमेरिकेच्या कायद्यानें २५ एप्रिल १९४० नंतर होडींत बसविलेल्या पेट्रोल इंजिनास, मागें टांगावयाच्या मोटारी वगळून, असा भडका रोखणारें साधन आवश्यक ठरविलें आहे. बहुधा तें धातूच्या दाट पापुद्र्यांचें वा जाळीचें टोपण असतें. ज्वाला त्यांतून जातां जातां थंड होते आणि विझते. होडीचा कारब्युरेटरही निराळा असतो. त्यांत पेट्रोल ओसंडलें तर तें बाहेर न सांडतां आंतच जावें अशी त्याची रचना असते.

याचा मॅनिफोल्डच्या निवडीशीं काय संबंध, असें कोणी विचारील. संबंध उंचीचा आहे. उंच मॅनिफोल्ड, त्यावर कारब्युरेटर आणि त्यावर हें टोपण, अशी उतरंड रचली कीं इंजिनावरचें झांकण बसत नाहीं. मग कोणी उतावळा माणूस टोपणच काढून टाकतो किंवा मोटारीचें पातळ टोपण त्या जागीं लावतो. दोन इंचांच्या उंचीसाठीं तो होडींतल्या सर्वांचा जीव पणास लावतो. म्हणून पैसे देण्यापूर्वीं झांकणाखालची मोकळी जागा पट्टीनें मोजावी. आणि प्रत्येक वेळीं इंजिन सुरू करण्यापूर्वीं तळांतली हवा काढणारा पंखा चार मिनिटें चालवावा. हीं चार मिनिटें फुकट गेलीं असें मानणारास होडी चालविण्याचा अधिकार नाहीं.

चौथा प्रश्न बाकीच्या भागांचा. मॅनिफोल्ड एकटें नांदत नाहीं. झडपा उघडण्याचें वेळापत्रक ठरविणारा कॅमशाफ्ट, सिलिंडरांचीं डोकीं आणि धूर जाण्याची वाट या सर्वांशीं त्याचें जुळलें पाहिजे. एकमजली मॅनिफोल्ड आणलें कीं त्याला शोभेल असा शर्यतीचा कॅमशाफ्ट घालण्याचा मोह होतो. त्यांत श्वासाची व उच्छ्वासाची अशा दोन्ही झडपा बराच वेळ एकदम उघड्या राहतात. होडींत धुराच्या नळींत थंडाईचें पाणी सोडलेलें असतें. इंजिन मंद चालत असतां दोन्ही झडपा उघड्या राहिल्या तर तें पाणी उलट सिलिंडरांत ओढलें जाण्याचा संभव असतो. हवा दाबली जाते, पाणी दाबलें जात नाहीं. म्हणून दट्ट्या वर चढतांना त्या पाण्यावर आदळला तर त्याला जोडलेला दांडा वांकतो.

निवड बरोबर झाली तरी बसविण्यांत हयगय होऊं नये. जुन्या गॅस्केटचा कणही न ठेवतां दोन्ही पृष्ठें साफ करावीं. नळ्यांचीं तोंडें डोक्यांतील छिद्रांशीं जुळतात कीं नाहीं तें पाहावें. बोल्ट एकदम न आवळतां मध्यापासून टोकांकडे, दोन-तीन फेऱ्यांत, ठरलेल्या जोरानेंच आवळावेत. कोठें फट राहिली तर तींतून चोरटी हवा शिरते, मिश्रण पातळ होतें आणि तो सिलिंडर जास्त तापतो. मोटारींत हा दोष कांहीं काळ खपून जातो. पण सतत ओझें ओढणाऱ्या होडीच्या इंजिनांत तो लौकरच दट्ट्या जाळतो. पाण्यांत गेल्यावर पुरी झडप उघडून फेरे मोजावेत. ते ठरलेल्या मर्यादेच्या वर जात असतील तर पंख्याची आटी वाढवावी. एका इंचानें साधारण दीडशें ते दोनशें फेऱ्यांचा फरक पडतो. शेवटीं सर्व ठिणगीचे प्लग काढून शेजारीं शेजारीं ठेवावेत. आठांचा रंग सारखा असेल तर वाढप्यानें पंगत नीट वाढली, असें समजावें.

नव्या होड्यांत कारब्युरेटर आतां उरला नाहीं. त्यांच्या इंजिनांत पेट्रोल थेट झडपेपाशीं नेऊन फवारतात आणि मॅनिफोल्डांतून बहुधा नुसती हवा वाहते. तेथें थेंब भिंतीस चिकटण्याची चिंता कमी झाली, त्यामुळें नळ्यांची लांबी आणि वळणें ठरविण्यास रचनाकारास अधिक मोकळीक मिळाली. परंतु कारब्युरेटरचीं जुनीं इंजिनें अजून पुष्कळ होड्यांत राबत आहेत, आणि हवेचा वेग, इंजिनाचे फेरे व पाण्याचें ओझें यांचें नातें जुन्या-नव्या दोघांनाही चुकलेलें नाहीं.

आतां लेक हवासूच्या त्या गृहस्थाकडे शेवटचें वळावें. कारागिराकडे तो प्रथम गेला असता, तर त्यानें त्यास बहुधा दुमजली मॅनिफोल्डच दिलें असतें. पत्रकांतल्या आंकड्यांत तें मागें पडतें हें खरें. पण मुलगा दोरी धरून पाण्यांत थांबला आहे, होडींत चौघे आहेत आणि झडप उघडतांच होडी चढ चढून पाण्याच्या पाठीवर आली पाहिजे, त्या क्षणीं तेंच पुढें असतें. शर्यतीचा पुरुष, ज्याची होडी हलकी आहे, इंजिन साडेसहा हजार फेऱ्यांसाठीं आंतून घडविलेलें आहे आणि जो हंगामाच्या शेवटीं तें उकलून पाहतो, त्यानें एकमजली खुशाल घ्यावें. तेथें तें शोभतेंही.

पत्रकांतली अश्वशक्ति ही परीक्षेंतल्या एका विषयाच्या गुणांसारखी आहे. त्या विषयांत पहिला आलेला मुलगा सर्वच कामांस योग्य ठरतो असें नाहीं. इंजिन दिवसभर जें काम करणार आहे तें आधीं ओळखावें आणि मग त्याला श्वासाची वाट द्यावी. हा क्रम ज्यानें पाळला, त्याची होडी माणसें घेऊन गेली तशी सुखरूप धक्क्याला परत येते.